क्वांटम तंत्रज्ञानासाठी ज्येष्ठ प्राध्यापक नेमायचा आहे: जाहिरातीचा मसुदा कसा असावा?

विभागातला_एक

महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी शिकवतो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. सांगितले तर चर्चा विषयाऐवजी माणसांवर घसरेल. आमच्याकडे प्राध्यापकपदाची एक जागा बऱ्याच वर्षांनी भरायला मिळते आहे आणि ती क्वांटम तंत्रज्ञानातील जाणकाराला द्यावी असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. निमित्त उघड आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली, त्यातून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील आयआयटी अशी चार केंद्रे ठरली, आणि तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्याही संकेतस्थळावर हा शब्द झळकायला हवा आहे.

जाहिरातीचा मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे आला आहे. विशेषीकरणाच्या रकान्यात लिहिले आहे: ‘क्वांटम संगणन, क्वांटम संप्रेषण, क्वांटम संवेदन व मापन, क्वांटम द्रव्ये व उपकरणे अथवा तत्सम विषय’. म्हणजे ज्या चार शाखांसाठी केंद्राला चार संस्था लागल्या, त्या चारही आम्ही एका माणसाच्या गळ्यात बांधतो आहोत. (हे पुंजयामिकी म्हणून शिकलेल्या आमच्या पिढीला ‘क्वांटम’ अजूनही थोडे परके वाटते, पण जाहिरातीत ‘पुंज तंत्रज्ञान’ लिहिले तर अर्ज येण्याऐवजी विचारणा करणारे फोन येतील, असे कार्यालयाने मला गंभीरपणे सांगितले.)

पात्रतेच्या अटी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून उचललेल्या आहेत: पीएचडी, मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध, संशोधन गुणांक (शोधनिबंध व इतर संशोधनाला मिळणारे एकूण गुण) १२०, आणि १० वर्षांचा अनुभव. मूळ वेतन १,४४,२०० रुपये. अशा जाहिरातीवर चांगला माणूस अर्ज करील का, आणि करणार नसेल तर तिच्यात काय बदलता येईल, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

परतीच्या_वाटेवर

मी युरोपात बारा वर्षे अतिसंवाहक मंडलांवर (अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या परिपथांवर) काम करून परत आलो आणि परतण्याच्या काळात तुमच्यासारख्याच एका राज्य विद्यापीठात अर्ज केला होता, म्हणून अनुभव सांगतो. ऑनलाइन अर्ज भरल्यावर त्याच्या सहा छापील प्रती, प्रत्येक पानावर स्वसाक्षांकन करून, पोस्टाने मागवल्या होत्या. शोधनिबंधांच्या प्रती जोडल्यावर प्रत्येक संच साडेचार किलोचा झाला. ते एक वेळ चालले असते. खरी अडचण छाननीत आली.

विनियमात दहा वर्षांच्या अध्यापनाच्या जोडीने ‘समकक्ष पातळीवरील संशोधनाचा अनुभव’ ही सोय स्पष्ट लिहिलेली आहे. पण समकक्ष म्हणजे काय, हे छाननीच्या टेबलावर बसलेल्या गृहस्थांना ठरवायचे होते, आणि माझे पद त्यांच्या यादीत नसल्यामुळे त्यांनी ती बारा वर्षे शून्य धरली. दुसरी गंमत गुणांकाची. दोनांपेक्षा अधिक लेखक असलेल्या निबंधात पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के गुण मिळतात. आमच्या विषयात चिप बनवणारा, ती मोजणारा, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिकी उभारणारा आणि सिद्धान्त मांडणारा असे वीस-पंचवीस जण एका निबंधावर असतात. ज्याने तीन वर्षे खपून चिपची घडण बसवली त्याचे नाव मधेच कुठेतरी येते, आणि एकट्याने चार पानी गणित लिहिणारा त्याच्या पुढे निघून जातो. तुम्हाला प्रयोग उभारणारा माणूस हवा असेल, तर ही मोजपट्टी नेमकी त्यालाच खाली ढकलते, हे समितीने आधीपासून ध्यानात ठेवलेले बरे.

निवृत्त_उपकुलसचिव

मी तीस वर्षे आस्थापना विभागात काढली आहेत, तेव्हा टेबलाच्या पलीकडची बाजूही मांडतो. छाननी करणारा लेखनिक मुद्दाम आडमुठेपणा करत नाही. उद्या माहितीच्या अधिकारात अर्ज आला किंवा कोणी न्यायालयात गेले, तर ‘समकक्ष कशाच्या आधारे धरले’ याचे उत्तर त्याला कागदावर द्यायचे असते. म्हणून उपाय जाहिरात निघण्यापूर्वी करायचा असतो. समकक्षता कशी ठरेल, कोणत्या प्रकारच्या संस्थांतील कोणती पदे धरली जातील, याचा ठराव सक्षम प्राधिकरणाकडून आधी मंजूर करून घ्या आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख करा. त्याच विनियमात प्राध्यापकपदासाठी दुसरा मार्गही आहे: पीएचडी असलेला, उद्योगातील किंवा अन्य संस्थेतील नामवंत व्यावसायिक, दहा वर्षांचा अनुभव आणि ज्ञानक्षेत्रातील भरीव योगदानाचा कागदोपत्री पुरावा. जाहिरातीत हे कलम छापतात. त्यावरून मुलाखतीला बोलावलेला उमेदवार मात्र मी माझ्या सेवेत एकदाच पाहिला.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली म्हणजे विशेषीकरण फार अरुंद केले, तर ‘ही जागा ठरलेल्या माणसासाठी आहे’ असा आरोप पहिल्याच आठवड्यात होतो. जागा एकच असल्यामुळे बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांचा क्रम ठरवणाऱ्या यादीत) ती कोणत्या बिंदूवर येते हेही आधी पाहा; विषय ठरवून झाल्यावर बिंदू पाहणे म्हणजे मुहूर्त काढून झाल्यावर नवरी शोधणे. दुसरी गोष्ट तज्ज्ञांची. निवड समितीत कुलगुरू, कुलपतींचे नामनिर्देशित, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख यांच्याबरोबर विषयाचे तीन बाहेरचे तज्ज्ञ असतात आणि त्यांपैकी किमान दोन हजर असावे लागतात. भारतात या विषयाचे वर्तुळ इतके लहान आहे की उमेदवार आणि तज्ज्ञ एकमेकांचे सहलेखक तरी असतात किंवा एकाच निधीसाठी भांडणारे तरी. तज्ज्ञांची यादी विद्या परिषदेकडे जाण्यापूर्वी प्रत्येकाकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन घ्या. ते एका पानाचे असते, पण पुढे दोन वर्षे वाचवते.

हेलियमवाला

मी प्राध्यापक नाही. एका राष्ट्रीय संस्थेत नीच तापमानाची यंत्रे सांभाळतो. माणसाची चर्चा चालू आहे, पण तो माणूस कशावर काम करणार हे अजून कोणीच विचारलेले नाही, म्हणून लिहितो.

अतिसंवाहक क्यूबिटचा (क्वांटम संगणकातील माहितीच्या मूळ एककाचा) माणूस आणलात तर त्याला डायल्यूशन रेफ्रिजरेटर हे शीतयंत्र लागेल. हे यंत्र हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालते; ०.८७ केल्विनच्या खाली ते मिश्रण दोन थरांत फुटते आणि एका थरातून दुसऱ्यात जाणारा हेलियम-३ उष्णता शोषून घेतो, त्यावर शेवटचे तापमान १० मिलिकेल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश अंश वर, आसपास जाते. किंमत काही कोटी रुपये. हेलियम-३ ट्रिटियमच्या ऱ्हासातून मिळतो, त्यामुळे तो बाजारात जाऊन आणता येत नाही. गळती झाली तर प्रयोग थांबतोच, शिवाय पुन्हा मिश्रण भरायचा खर्च ऐकून लेखाधिकारी खुर्चीतून उठतात.

पण कोटींची रक्कम एकदाच लागते. रोज लागते ती वीज आणि थंड पाणी. यंत्राच्या डोक्यावरचा पल्सट्यूब कूलर सेकंदाला दीडएक ठोक्याच्या लयीत चिरकत असतो. आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिला आठवडा त्याला तो आवाज झोपेतही ऐकू येतो, आणि नंतर तो थांबला की जाग येते. त्या कूलरचा कंप्रेसर दहाएक किलोवॅट खातो आणि त्याला अखंड थंड पाणी लागते. मागे एका रात्री आमच्याकडे वीज गेली. जनरेटर वेळेत सुरू झाला, दिवे लागले, पहारेकऱ्याला वाटले सगळे ठीक आहे. पण पाणी थंड करणारा चिलर आपोआप परत सुरू होत नव्हता. त्याचे हिरवे बटण हाताने दाबावे लागे. पाणी तापले, कंप्रेसर बंद पडला, आणि पहाटे मी पोहोचलो तेव्हा एरवी चार केल्विनवर राहणारी पट्टी चाळीस केल्विनच्या पुढे गेली होती. मिश्रण टाक्यांत परत सुखरूप आले, हे नशीब. पुन्हा थंड करून मोजणी चालू व्हायला चार दिवस गेले. हे एका बटणामुळे.

तुमच्या विभागात अशा यंत्राशेजारी उभा राहील असा कायम पदावरचा तंत्रज्ञ आहे का? नसेल तर प्राध्यापक कितीही मोठा असो, तो पहिली दोन वर्षे चिलरवाल्याला फोन करण्यात घालवील.

विभागातला_एक

हेलियमवाला, खरे उत्तर देतो: आमच्याकडे प्रयोगशाळा साहाय्यकांच्या पाच मंजूर पदांपैकी दोन भरलेली आहेत आणि त्यांपैकी एक गृहस्थ येत्या मार्चमध्ये निवृत्त होतात. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. जनरेटर आहे, पण तो परीक्षा विभागाला जोडलेला आहे.

चुंबकसूची

मग हा प्रश्न उलट बाजूने का सोडवू नये? मी प्रकाशकीत काम करते. क्वांटम म्हणजे मिलिकेल्विनच, असा समज वर्तमानपत्रांतील सोनेरी झुंबरासारख्या यंत्रांच्या छायाचित्रांमुळे झाला आहे. खोलीच्या तापमानाला होणारे कितीतरी चांगले संशोधन आहे. ४०५ नॅनोमीटरचा लेसर एका बीबीओ स्फटिकावर सोडला की ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनांच्या जोड्या मिळतात. त्यांचे ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) मोजून बेलच्या असमानतेचा (अभिजात भौतिकी पुरेशी असेल तर न ओलांडता येणाऱ्या मर्यादेचा) भंग एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना टेबलावर दाखवता येतो. अभिजात मर्यादा २, क्वांटम कमाल सुमारे २.८३, आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा २.३ आले तेव्हा त्यांनी विभागात पेढे वाटले, आणि ते योग्यच होते.

दुसरे उदाहरण हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्तता केंद्रांचे, म्हणजे स्फटिकात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी असलेल्या ठिकाणांचे. हिऱ्यावर हिरवा लेसर टाकायचा, तो लाल चमकतो. मग सूक्ष्मतरंगांची वारंवारता फिरवत गेले की २.८७ गिगाहर्ट्झला चमक उतरते आणि आलेखावर एक खळगा दिसतो. हातातला साधा चुंबक जवळ नेला की त्या एका खळग्याचे दोन होतात, आणि त्यांच्यातील अंतरावरून चुंबकीय क्षेत्र मोजता येते. यातून जीवशास्त्र, भूभौतिकी, बॅटरीतील प्रवाहांचे मापन अशा कितीतरी वाटा फुटतात, आणि राज्य विद्यापीठात हे सगळे विभाग एकाच आवारात असतात, जे भल्याभल्या राष्ट्रीय संस्थांकडे नसते. शिवाय अभियानाचे संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे आणि पुण्याच्या आयसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे स्वतंत्र नवोन्मेष केंद्र आहे. म्हणजे जिथे सहकार्य करायचे ती माणसे एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहेत.

माझे मत असे की जाहिरातीत ‘क्वांटम संवेदन व प्रकाशकी’ एवढेच लिहावे आणि बाकीच्या तीन शाखांचा मोह सोडावा.

ठाम_असहमत

चुंबकसूची यांचा मुद्दा व्यवहार्य आहे, पण त्यातील पराभूत सूर मला पटत नाही. मोठी यंत्रे राष्ट्रीय संस्थांनी घ्यायची आणि राज्य विद्यापीठांनी टेबलावरचे प्रयोग करायचे, ही वाटणी आपण किती दिवस चालवणार आहोत? बाहेर काय झाले ते पाहा. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने २००२ मध्ये क्वांटम संगणनाची संस्था काढली आणि २०१० मध्ये सरकारी उत्कृष्टता अध्यासनावर एमआयटीतून भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड कोरी यांना आणले; त्या अध्यासनाबरोबर सात वर्षांसाठी एक कोटी कॅनेडियन डॉलर येत होते. सिंगापूरने २००७ मध्ये आपले क्वांटम केंद्र उभारताना क्वांटम भौतिकीतज्ज्ञ आर्टूर एकर्ट यांना संचालक नेमले आणि त्यांचे ऑक्सफर्डमधील पद सोडायला लावले नाही. दोन्ही ठिकाणी योग्य माणूस आणण्याला महत्त्व दिले गेले.

चुंबकसूची

आपण दिलेल्या कॅनडाच्या उदाहरणात माणसाबरोबर पैसा आला होता, हे आपणच लिहिले आहे. विभागातला_एक यांच्याकडे माणसाबरोबर १,४४,२०० रुपये मूळ वेतन आणि परीक्षा विभागाला जोडलेला जनरेटर येतो आहे. मला राज्य विद्यापीठे मागे राहावीत असे मुळीच वाटत नाही; ज्या स्पर्धेत २०२४ मध्ये टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), डीआरडीओ आणि टीसीएस यांनी एकत्र येऊन सहा क्यूबिटचा प्रोसेसर चालवून दाखवला, त्या स्पर्धेत एका खुर्चीच्या बळावर उतरू नये, एवढेच म्हणते.

एकर्ट यांच्या नेमणुकीतला मला घेण्यासारखा वाटणारा भाग वेगळा आहे: दोन संस्थांनी एक माणूस वाटून घेतला. आपल्याकडे हे का करू नये?

परतीच्या_वाटेवर

आणि आणलेला माणूस टिकेल हेही गृहीत धरू नका. अतिसंवाहक क्यूबिटवर काम करणारे जॉन मार्टिनिस यांना २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्यांचा सान्ता बार्बरा येथील विद्यापीठातला गट गूगलने २०१४ मध्येच आपल्याकडे घेतला होता. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे प्रशिक्षित झालेला तरुण इलेक्ट्रॉनिकीचा जाणकार बंगळूरच्या एखाद्या नवोद्योगाने सहा महिन्यांत उचलला तर नवल कसले? प्राध्यापक एक वेळ राहील, त्याचा गट राहणे अवघड.

निवृत्त_उपकुलसचिव

दोन संस्थांत वाटून नेमणुकीबद्दल: कायम पदावर ते फार किचकट होते, कारण निवृत्तिवेतन, रजा आणि शिस्तभंगाचा अधिकार कोणाकडे यावर फाइल अडकते. त्याऐवजी कायम जागा स्वतःची ठेवा आणि बाहेरची ज्येष्ठ व्यक्ती दुसऱ्या वाटेने आणा. अनुदान आयोगाची २०२२ ची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजना मंजूर पदांच्या बाहेरची आहे. उद्योगातील पंधरा वर्षांच्या अनुभवी व्यक्तीला घेता येते, मात्र एकूण मुदत तीन वर्षे आणि अपवादात्मक स्थितीत आणखी एक. परदेशातील भारतीय वैज्ञानिकांसाठी केंद्राची वैभव पाठ्यवृत्ती आहे. त्यात वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने, तीन वर्षांपर्यंत, माणूस येथे येऊन काम करतो आणि क्वांटम तंत्रज्ञान हा तिच्या विषयांपैकी एक आहे.

एक गोष्ट मात्र इथे कोणी काढली नाही. राज्यातील विद्यापीठीय अध्यापकांचे निवृत्तीचे वय ६० आहे. केंद्रीय विद्यापीठांत ते ६५ आहे. ‘ज्येष्ठ’ म्हणून तुम्ही ५४ वर्षांचा माणूस आणलात, तर त्याच्याकडे सहा वर्षे उरतात. जागा मिळवणे, निविदा काढणे, यंत्र येणे, यातच त्यातली तीन जातात.

पाचव्या_वर्षात

मी संशोधक विद्यार्थिनी आहे आणि वरच्या शेवटच्या परिच्छेदाने मला थोडा घाम फुटला. माझे पहिले मार्गदर्शक मी तिसऱ्या वर्षात असताना निवृत्त झाले. कागदोपत्री सहमार्गदर्शक मिळाले, पण प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या गटाकडे गेली आणि माझा ऑप्टिकल टेबल वऱ्हांड्यात आला. त्यावर अजूनही कोणीतरी डबा ठेवून जाते. जो कोणी ज्येष्ठ प्राध्यापक येईल, त्याच्याकडे नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे त्याच्या निवृत्तीनंतर काय होईल, हे निवड समितीने मुलाखतीत विचारले पाहिजे, आणि उत्तर उमेदवाराने नव्हे तर विभागाने दिले पाहिजे.

आणखी एक. शोधनिबंधांची संख्या विचारताना उमेदवाराच्या हाताखालून पीएचडी झालेले विद्यार्थी आज कुठे आहेत, हेही विचारा. याहून वरच्या ‘वरिष्ठ प्राध्यापक’ पदासाठी गेल्या दहा वर्षांत किमान दोन पीएचडी पूर्ण करून घेतल्याची अट आहेच. संख्या कागदावर दिसते. ते दोघे जण त्या मार्गदर्शकाबद्दल काय सांगतात, ते फोन केल्याशिवाय कळत नाही.

हेलियमवाला

वऱ्हांड्यातला टेबल वाचून वाईट वाटले. त्याच्या पायांत हवेच्या गाद्या असतील तर निदान त्यांची हवा सोडून ठेवा, नाहीतर सील जातात.

विभागातला_एक

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांत विभागात दोन बैठका झाल्या आणि मसुदा बराच बदलला, म्हणून तो इथे ठेवतो.

विशेषीकरण ‘प्रायोगिक क्वांटम संवेदन किंवा क्वांटम प्रकाशकी’ असे केले आहे. एका सहकाऱ्यांनी संगणनाचा आग्रह धरला. त्यांना जनरेटरच्या जोडणीचा नकाशा दाखवल्यावर ते सैद्धान्तिक संगणनावर उतरले आणि शेवटी त्यासाठी पुढची साहाय्यक प्राध्यापकाची जागा राखावी यावर समेट झाला. अरुंदपणाचा आरोप टाळण्यासाठी ‘किंवा’ मुद्दाम ठेवला आहे; माझ्या माहितीत या दोन विषयांत देशात आणि देशाबाहेर मिळून अर्ज करू शकतील अशी पुरेशी माणसे आहेत. समकक्षतेचा ठराव विद्या परिषदेकडे पाठवला आहे. बिंदू तपासला, जागा खुल्या प्रवर्गात येते. उद्योगातील उमेदवाराचे कलम मसुद्यात वर आणले आणि छाननी समितीला त्यासाठी वेगळा तक्ता दिला.

जाहिरातीसोबत दोन पानांचे विभागाचे निवेदन जोडावे असे मी सुचवले, आणि त्यावरून सर्वांत जास्त वाद झाला. त्यात खोलीचे क्षेत्रफळ, उपलब्ध वीजभार, कार्यरत उपकरणे, तंत्रज्ञांची खरी संख्या, पहिल्या तीन वर्षांत विद्यापीठ स्वतःच्या निधीतून देईल ती रक्कम आणि प्राध्यापकांच्या निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांची जबाबदारी कोणाची, हे सगळे स्पष्ट लिहायचे आहे. ‘असे लिहिले तर कोण येईल’ असे आमच्या अधिष्ठात्यांनी विचारले. न लिहिता आलेला माणूस दुसऱ्या वर्षी जाईल, असे मी म्हणालो. त्यांनी ते हसून घेतले, पण निवेदन अजून मंजूर केलेले नाही. रकमेची ओळ कोरी आहे. ती भरल्याशिवाय निवेदन पाठवायचे नाही, असे मी विभागप्रमुखांना लिहून दिले आहे.

पुढची बैठक गुरुवारी आहे. हेलियमवाला, लेसर आणि सूक्ष्मतरंगांच्या साहित्यासाठी किती वीजभार मागावा आणि यूपीएस किती क्षमतेचा धरावा, हे सांगू शकाल का?

हेलियमवाला

यादी पाठवा, प्रत्येक वस्तूच्या मागच्या पट्टीवरचे वॅट लिहून. तोपर्यंत एकच करा: विभागाच्या मुख्य फलकाजवळ एक वही टांगा आणि वीज केव्हा गेली, केव्हा आली, हे शिपायाला मिनिटांसकट लिहायला सांगा. दोन महिन्यांची ती वही अधिष्ठात्यांपुढे ठेवलीत, तर यूपीएससाठी वेगळे भांडावे लागणार नाही. आणि त्या खोलीत एसीचे पाणी टेबलावर टपकत नाही ना, ते आजच पाहून या. आमच्याकडे पहिला लेसर त्यानेच गेला होता.

विभागातला_एक

पाहून आलो. टपकते. बादली ठेवली आहे आणि अभियंता कार्यालयाला पत्र दिले आहे.